खाली धुकं, वर ऊन : नदीच्या खोऱ्यातला पहिला हिवाळा कसा हिंडावा

नदीच्या खोऱ्यात हिवाळा मवाळ असतो. खाली बर्फ फारसा पडत नाही, पडला तरी दुपारपर्यंत विरघळतो. नदी गोठत नाही, काठची वाट बाराही महिने चालती असते. आणि मान वर केली की पांढरे डोंगर दिसतात. तासाभराच्या अंतरावर दोन वेगळे ऋतू नांदत असतात.

अशा ठिकाणी नव्याने राहायला आलेल्या माणसांच्या हातून दोन चुका होतात. काही जण राखाडी आभाळ बघून सगळा हिवाळा घरात काढतात. काही जण खालची सौम्य हवा खरी मानून त्याच कपड्यांत डोंगराकडे निघतात. पहिल्या चुकीने वर्षातले सुंदर महिने हातचे जातात, दुसरी जिवावर बेतू शकते. मला विचाराल तर दोन्हींचं मूळ एकच आहे. बाहेर पडताना आपण ‘आज हवा कशी आहे?’ एवढंच विचारतो. खोऱ्यात हा प्रश्न अपुरा पडतो. इथे विचारायचं ते असं : आज कोणत्या उंचीवर जायचं, आणि तिथे किती वाजता असायचं?

पहिली पायरी : थंडी कुठे बसते ते ओळखा

वर जावं तशी हवा गार होते, हे आपण शाळेत शिकलो. सरासरी हिशेब १००० मीटरला साधारण ६.५ अंश सेल्सियसचा. म्हणजे खाली ८ अंश असतील तर १५०० मीटर वर उणे २ च्या आसपास. ढगाळ, वारा वाहत्या दिवशी हा हिशेब बऱ्यापैकी जुळतो.

निरभ्र, निवांत रात्रीनंतर मात्र तो उलटा होतो. रात्री जमीन आपली उष्णता आभाळात सोडते, तिला लागून असलेली हवा गार होते. गार हवा जड असते. ती उतारावरून पाण्यासारखी ओघळत खाली येते आणि खोऱ्याच्या तळाशी साचते. वर तुलनेने उबदार हवेचं झाकण बसतं. नदीच्या ओलाव्यामुळे तळातल्या हवेत धुकं धरतं. सकाळी गावात हात गारठलेले असतात, समोरचा पूल दिसत नाही, आणि तीन-चारशे मीटर वर लख्ख ऊन पडलेलं असतं. उन्हाळ्यात असं धुकं सकाळी विरून जातं. हिवाळ्यात सूर्य तिरपा आणि अशक्त असतो, त्यामुळे वारा सुटला नाही तर ते दिवसेंदिवस हलत नाही.

डोंगराच्या मधल्या उतारावर, म्हणजे धुक्याच्या माथ्याच्या जरा वर, हिवाळ्यातला सगळ्यात उबदार पट्टा असतो. डोंगराळ मुलखातले बागाईतदार फळझाडं तळात न लावता उतारावर लावतात ती याचसाठी : तळात दहिवर गोठतं आणि मोहोर करपतो. तुमच्या खोऱ्यात जुन्या फळबागा कुठल्या उंचीवर आहेत ते बघा. हिवाळ्यात फिरायला कुठे जावं याचा तो आयता नकाशा आहे.

झाकण बसलंय की नाही हे घरातून ओळखता येतं. धुराड्यातून निघालेला धूर सरळ थोडा वर जाऊन एखाद्या अदृश्य छताला टेकल्यासारखा आडवा पसरला, तर झाकण आहे. अशा दिवशी वर चला. धूर वाऱ्याने फाटत असेल आणि ढग डोंगराला चिकटलेले असतील, तर खाली नदीकाठीच राहा. एवढी एक सवय लागली तरी अर्धा हिवाळा वाचतो.

आणखी एक वारा माहीत असलेला बरा. डोंगर ओलांडून पलीकडून उतरणारी हवा खाली येताना दाबली जाते, तापते आणि कोरडी होते. आल्प्समध्ये तिला ‘फॉन’ म्हणतात, रॉकी पर्वतरांगांच्या पूर्वेला ‘चिनूक’. अमेरिकेत साउथ डकोटातल्या स्पिअरफिश गावात २२ जानेवारी १९४३ रोजी अशाच वाऱ्याने तापमान दोन मिनिटांत उणे २० वरून ७ अंशांवर नेलं होतं. तुमच्याकडे इतकं टोकाचं होणार नाही. पण भर हिवाळ्यात अचानक वसंतासारखी कोमट झुळूक आली की नवखा माणूस खूश होऊन डोंगराकडे धावतो, आणि नेमकं तेव्हाच वरचा बर्फ ओला, सैल आणि घातकी झालेला असतो. त्या दिवशी काठावर सायकल चालवा.

दुसरी पायरी : आदल्या संध्याकाळचा अर्धा तास

हिवाळ्यातली सहल आदल्या संध्याकाळीच अर्धी पार पडते. सकाळी उठून ठरवू म्हटलं की निघायला अकरा वाजतात, आणि अकराला निघालेल्याला उतरताना अंधार गाठतो.

आधी हवामानाचा अंदाज बघा, पण गावाचा नव्हे. तुम्ही जाणार त्या उंचीचा बघा. डोंगरी भागासाठीचे अंदाज उंचीनुसार तापमान, वारा आणि ‘हिमरेषा’, म्हणजे पावसाचा बर्फ कुठून होतो ती उंची, देतात. हिमरेषा ९०० मीटर आणि तुमची वाट ७०० मीटरपर्यंत, तर वाटेत पाऊस मिळणार. थंड पाऊस हा बर्फापेक्षा वाईट. बर्फ झटकता येतो, पाऊस कपड्यांत मुरतो.

मग सूर्य. उत्तर गोलार्धात ४५ अंश अक्षांशावर २१-२२ डिसेंबरच्या सुमारास दिवस जेमतेम पावणेनऊ तासांचा असतो. मध्यम अक्षांशांवर सगळ्यात लवकरचा सूर्यास्त त्या दिवशी नसतो, त्याच्या काही दिवस आधीच होऊन जातो. सगळ्यात उशिराचा सूर्योदय जानेवारीच्या सुरुवातीला येतो. म्हणून नाताळानंतर ‘आता दिवस मोठा व्हायला लागला’ म्हणून सकाळ गृहीत धरू नका. वाढ आधी संध्याकाळच्या टोकाला दिसते.

शिवाय छापील सूर्यास्त सपाट क्षितिजासाठी असतो. खोऱ्यात सूर्य क्षितिजाआड जात नाही, समोरच्या धारेआड जातो, आणि तेही तासभर किंवा त्याहून आधी. उजेड असतो पण ऊन संपतं, आणि ऊन गेल्यावर दहा-पंधरा मिनिटांत हवेचा चावा बदलतो. उत्तर उतारावरच्या काही वाटांना तर सगळा हिवाळा ऊनच लागत नाही. नकाशावर उताराची दिशा बघायची सवय लावा. दक्षिणेकडे तोंड असलेली वाट कोरडी, उत्तरेकडची निसरडी, असा उत्तर गोलार्धातला साधा नियम आहे.

आता वेळेचा हिशेब. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये दिलेला ठोकताळा अजून उपयोगी पडतो : सपाटीवर ताशी ५ किलोमीटर, आणि दर ६०० मीटर चढाईला एक तास जास्तीचा. समजा वाट जाऊन-येऊन ८ किलोमीटर आणि चढ ४५० मीटर. सपाटीचे १ तास ३६ मिनिटं, चढाचे ४५ मिनिटं, मिळून २ तास २१ मिनिटं. हा धडधाकट माणसाचा, न थांबता, कोरड्या वाटेवरचा वेळ. हिवाळ्यात नवख्याने त्याची दीडपट करावी, म्हणजे साडेतीन तास. वर खाणं, फोटो, बुटांची नाडी यांचा एक तास. मग सूर्यास्ताआधी दीड तास गाडीपाशी पोचायचं असं धरून उलटं मोजा आणि निघायची वेळ काढा.

त्याच वेळी परत फिरायची वेळही ठरवा आणि कागदावर लिहा. ‘दुपारी साडेबाराला जिथे असू तिथून मागे.’ वर गेल्यावर माथा अगदी जवळ दिसतो आणि हट्ट बळावतो. खाली बसून, पोटभर जेवून, शांत डोक्याने ठरवलेली वेळ वरच्या उत्साहापेक्षा जास्त शहाणी असते.

शेवटी, कुठल्या वाटेने जाणार, किती जण आणि किती वाजेपर्यंत फोन येईल, हे घरी राहणाऱ्या एका माणसाला लिहून पाठवा. ‘आठपर्यंत फोन नाही आला तर मदतीला कळव’ हेही स्पष्ट लिहा. नुसतं ‘डोंगरावर जातोय’ या निरोपावर कुणाला शोधता येत नाही.

तिसरी पायरी : अंगावर काय, पाठीवर काय

महागडं जॅकेट घेण्याआधी एक गोष्ट समजून घ्या : हिवाळ्यात माणूस बर्फाने जितका भिजत नाही तितका घामाने भिजतो. म्हणून कपड्यांचे थर. अंगाला लागून लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा बनियन, जो घाम बाहेर नेतो. मधे फ्लीस किंवा स्वेटर, जो ऊब धरतो. बाहेर वारा-पाऊस अडवणारं पातळ जॅकेट. सुती कपडा आणि जीन्स या दोन्ही गोष्टी घरी ठेवा. सूत पाणी धरून ठेवतं, आणि ओलं सूत अंगाची ऊब शोषत राहतं.

चालायला सुरुवात करताना किंचित थंडी वाजली पाहिजे. गाडीतून उतरल्यावर छान उबदार वाटत असेल तर एक थर जास्त आहे. पहिल्या चढावर तुम्ही घामेजून जाल आणि वर थांबलात की तोच घाम गार पडेल. सुरुवातीच्या दहा मिनिटांनंतर थांबून एक थर काढायचा, आणि विश्रांतीला बसताच, थंडी वाजायच्या आधी, चढवायचा. हे कंटाळवाणं वाटतं, पण ऊब टिकवण्याची कला एवढीच आहे.

पायांच्या बाबतीत सगळे एकच चूक करतात : थंडी आहे म्हणून मोज्यांवर मोजे. बूट घट्ट होतो, रक्त खेळत नाही, आणि बोटं आणखी गार पडतात. एक जाड लोकरी मोजा आणि आत बोटं हलवता येतील असा बूट पुरे. जादा मोजांची जोडी पिशवीत, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून.

पाठीवर नेहमी असावं ते हे : हेडटॉर्च (मोबाइलचा दिवा नव्हे), थर्मासमध्ये गरम आणि गोड पेय, चालता चालता खाता येईल असा खाऊ, कानटोपी, जादा हातमोजे, शिट्टी, कागदी नकाशा, छोटी प्रथमोपचार पेटी आणि बसायला फोमचा तुकडा. हा शेवटचा तुकडा सगळ्यांना फालतू वाटतो, पण गार दगडावर दहा मिनिटं बसल्यावर शरीरातली जेवढी ऊब जाते तेवढी वाऱ्यातही जात नाही असं मला दर वेळी वाटतं. मोबाइल आतल्या खिशात, अंगाला लागून ठेवा. थंडीत बॅटरी भराभर उतरते आणि ४० टक्क्यांवरचा फोनही अचानक बंद पडतो.

लहान मुलांना पाठीवरच्या झोळीत घेऊन जाणाऱ्यांसाठी : तुम्ही चालता म्हणून तुम्हाला गरम होतं. मूल बसलेलं असतं. त्याला तुमच्यापेक्षा दोन थर जास्त हवेत, आणि दर वीस मिनिटांनी त्याच्या मानेवर हात लावून बघायला हवं. गार पडलेलं मूल नेहमी रडतंच असं नाही, कधी कधी ते गप्प होतं.

चौथी पायरी : पहिले तीन-चार रविवार नदीकाठी

सरळ डोंगराकडे धावू नका. पहिले काही रविवार खाली काढा. काठची वाट सपाट असते, चुकण्याची भीती नसते, आणि कपड्यांचा सगळा हिशेब इथेच चुकत-माकत शिकता येतो.

हिवाळ्यातली नदी उन्हाळ्यापेक्षा कितीतरी जास्त दिसते. पानं गळाल्यामुळे काठावरच्या झाडीतून नजर पार जाते. घरटी, खोडावरची ढोली, पलीकडचे जुने बांध, नदीने कधीकाळी सोडलेले कोरडे प्रवाह, सगळं उघडं पडतं. वरची तळी गोठली की बदकं आणि इतर पाणपक्षी न गोठणाऱ्या नदीवर गोळा होतात. दुर्बीण घ्या आणि संथ वळणावर, वारा न लागणाऱ्या काठाला शांत उभे राहा. थवा उडेल इतकं जवळ जाऊ नका. थंडीत त्यांच्याजवळ मोजकी शक्ती असते, आणि प्रत्येक अकारण उड्डाण ती खर्ची घालतं. पक्षी खाणं थांबवून माना ताठ करून तुमच्याकडे बघू लागले की तुम्ही पुरेसे जवळ आलात. दोन पावलं मागे या. कुत्रा बरोबर असेल तर तिथे पट्टा हवाच.

सकाळी लाकडी पुलांवर जपा. पुलाला वरून आणि खालून दोन्हीकडून गार हवा लागते, त्यामुळे वाट कोरडी असली तरी पुलाच्या फळ्यांवर काचेसारखा पापुद्रा असतो. सायकलवर असाल तर पुलाआधी वेग कमी करा आणि पुलावर ब्रेक किंवा वळण टाळा. दुपारी उलटी गंमत : सकाळी गोठून टणक झालेली माती वितळून चिखल होते. चिखल चुकवायला कडेच्या गवतातून जाऊ नका, मधूनच जा. कडेने गेलेल्या शंभर माणसांनी एका पाऊलवाटेचा गाडीरस्ता होतो, आणि गवत हिवाळ्यात भरून येत नाही.

काही भागांत हिवाळा शिकारीचाही हंगाम असतो. तुमच्याकडे तसं असेल तर भडक नारिंगी टोपी किंवा जाकीट घाला, आणि बंदीचे दिवस-जागा स्थानिक सूचनाफलकावर तपासा.

पाण्याबद्दल, वेगळं आणि सविस्तर

मवाळ खोऱ्यात सगळ्यात धोकादायक काय, असं कुणी विचारलं तर मी बर्फाळ शिखरांकडे बोट दाखवणार नाही. नदीकडे दाखवीन. शिखरं भीतीदायक दिसतात म्हणून माणूस जपतो. नदी ओळखीची वाटते. हवा दहा-बारा अंश असते, ऊन असतं, आणि पाणी मात्र वरच्या बर्फाचं, चार-पाच अंशांचं असतं.

पाणी शरीराची उष्णता त्याच तापमानाच्या हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने ओढून घेतं. पण खरा घात त्याच्याही आधी होतो. १५ अंशांपेक्षा गार पाण्यात अचानक पडलं की माणूस आपोआप जोरात श्वास ओढतो. तोंड पाण्याखाली असेल तर त्या एका श्वासात पाणी आत जातं. पोहता येणं त्या क्षणी कामाला येत नाही. थंड पाण्याबाबत १-१०-१ असा नियम शिकवला जातो : पहिल्या १ मिनिटात फक्त श्वास ताब्यात आणा, पुढची सुमारे १० मिनिटं हातपाय कामाचे राहतात, त्यात बाहेर या किंवा कशाला तरी धरा, शुद्ध हरपायला साधारण १ तास लागू शकतो. म्हणजे गारठून मरण्याआधी घाबरून आणि हातपाय गळून माणूस बुडतो. लाइफ जॅकेटचं मोल इथे आहे. कयाक किंवा होडी चालवताना ते अंगावर हवं, होडीत पायाशी नव्हे.

वाहत्या पाण्यात पडलात तर उभं राहायचा प्रयत्न करू नका. दगडांत पाय अडकला की प्रवाह वरून दाबतो. पाठीवर तरंगा, पाय पुढे प्रवाहाच्या दिशेला, आणि हळूहळू काठाकडे सरका. दुसरं कुणी पडलं तर पाण्यात उडी घेऊ नका. दोरी, काठी, ओढणी, जे असेल ते फेका, ओरडून दिशा द्या, मदत बोलवा. पडलेला कुत्रा असेल तरी हेच. कुत्रं बहुतेक वेळा खाली कुठेतरी आपण होऊन काठाला लागतं. त्याच्यामागे गेलेल्या माणसाचं तसं होत नाही.

ओढे ओलांडताना लक्षात ठेवा की प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. गुडघाभर वेगवान पाणी धडधाकट माणसाला पाडतं. पूल नसेल तर परत फिरणं ही हिवाळ्यातली नेहमीची, सन्मानाची गोष्ट आहे.

नदीची पातळीही अचानक बदलते. वर उबदार पाऊस बर्फावर पडला की पाऊस आणि वितळलेला बर्फ एकत्र खाली येतात, आणि तोवर तुमच्याकडे आभाळ मोकळंही झालेलं असतं. पाणी गढूळ होणं, काटक्या-पानं वाहून येणं, मघाशी कोरडा असलेला दगड ओला दिसणं, यातलं काहीही दिसलं की पात्रातल्या वाळूच्या बेटावरून लगेच काठावर या. वर धरण किंवा वीजकेंद्र असेल तर पाणी सोडण्याच्या सूचनांचे फलक आधीच वाचून ठेवा. तिथे निळ्या आभाळाखालीही पाणी वाढतं.

मासेमारी करणाऱ्यांना एक विनंती. ट्राउट आणि सालमन जातींचे बरेच मासे शरद ते हिवाळ्यात उथळ, वाहत्या जागी खडीत अंडी घालतात. मादी शेपटीने खडी उकरते, तिथे शेवाळ निघून गेल्यामुळे तळावर उजळ, स्वच्छ असा लांबट ठिपका दिसतो. त्यावर पाय देऊ नका. अंडी पुढचे काही महिने त्या खडीतच असतात. परवाना आणि बंदीचा काळ हे तर तपासायचंच.

पाचवी पायरी : धुक्याच्या वर

तीन-चार रविवार खाली काढल्यावर मधल्या पट्ट्याकडे वळा. इथेच मवाळ खोऱ्याचं खरं सुख आहे. धुराचं लक्षण जुळलेल्या सकाळी, दक्षिणेकडे तोंड असलेली, चारशे-पाचशे मीटर चढाची, ठळक वाट निवडा.

चढताना धुकं आधी दाट होतं, मग पांढरं उजळू लागतं, झाडांच्या शेंड्यांवर पिवळसर झाक येते, आणि पन्नास-साठ पावलांत तुम्ही बाहेर असता. खाली सगळं खोरं पांढऱ्या समुद्रासारखं भरलेलं, पलीकडची धार बेटासारखी वर आलेली. मी हे कितीतरी वेळा बघितलंय आणि दर वेळी थांबून बघत राहिलोय. तिथे उबदार वाटलं तरी जॅकेट पिशवीच्या तळाशी कोंबू नका. उतरताना त्याच गारठ्यात परत शिरायचंय, आणि तेव्हा अंग घामेजलेलं असेल.

धुक्यात वाट चुकण्याची शक्यता उतरताना जास्त. चढताना सगळ्या पाऊलवाटा वर एकत्र येतात, उतरताना त्या फुटतात. म्हणून प्रत्येक फाट्यावर चढतानाच मागे वळून फोटो काढा. उतरताना जसं दिसणार तसं चित्र हाताशी राहतं.

झाडांच्या सावलीतल्या घळीत बर्फाचे चट्टे लागतील. अनेक पावलांनी दाबून ते कडक झालेले असतात. मायक्रोस्पाइक, म्हणजे बुटांवर चढवायचे छोटे लोखंडी दात, आणि दोन काठ्या असतील तर निर्धास्त जाता येतं. नसतील तर टाच जोरात मारून बघा. खूण उमटली तर सावकाश चला, उमटली नाही तर मागे फिरा.

सहावी पायरी : बर्फावर पहिलं पाऊल

सलग बर्फावर जायचं असेल तर पहिल्यांदा अनुभवी माणसाबरोबर किंवा प्रशिक्षित मार्गदर्शकाबरोबर जा. यात तडजोड करू नये असं मला मनापासून वाटतं. कारण बर्फाचा उतार वाचणं लेख वाचून येत नाही.

तरी एवढं माहीत हवं. थराथराने घसरणारे हिमलोट बहुतेक करून ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर सुटतात, म्हणजे स्कीइंगला आणि घसरगुंडीला सगळ्यात मोहक वाटणाऱ्या उतारांवर. तुम्ही स्वतः सपाटीवर असलात तरी वरचा उतार तसा असेल तर तुम्ही त्याच्या वाटेत उभे आहात. नकाशावर उताराचा कोन रंगाने दाखवणारी ॲप मिळतात. पहिल्या हिवाळ्यात ३० अंशांहून तीव्र उतारावर आणि त्याच्या पायथ्याशीही जाऊ नका.

हिमलोटाचा धोका १ ते ५ अशा पायऱ्यांत जाहीर होतो. यात ३ हा आकडा फसवा आहे. पाचातले तीन म्हणजे मध्यम, असं आपण परीक्षेच्या गुणांसारखं वाचतो. प्रत्यक्षात ३ वरच सगळ्यात जास्त बळी जातात, कारण ४ आणि ५ ला लोक घरी थांबतात. नवख्याने ३ ला झाडीतल्या सपाट वाटांपलीकडे जाऊ नये. गाडला गेलेला माणूस वाचण्याची खरी संधी पहिल्या दहा-पंधरा मिनिटांतच असते, म्हणून बाहेरची मदत बहुधा उशिरा पोचते. ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा ठाव देणारं रेडिओ यंत्र), शोधकाठी आणि फावडं ही तीन साधनं प्रत्येकाकडे असावीत आणि ती वापरायचा सराव झालेला असावा.

सुरुवातीला आखलेल्या, सपाट मार्गांवर स्नोशू, म्हणजे बर्फात पाय रुतू न देणारे रुंद तळाचे जोडे, घालून चाला. स्कीसाठी यंत्राने पाडलेल्या खाचांतून चालू नका. पायांनी त्या मोडतात आणि मागून येणारा पडतो. गॉगल आणि सनस्क्रीन हवंच. ताजा बर्फ सूर्याची अतिनील किरणं ८० टक्क्यांपर्यंत परतवतो, त्यामुळे हनुवटीखाली आणि नाकपुड्यांतसुद्धा भाजतं, आणि डोळ्यांना होणारी इजा संध्याकाळी घरी आल्यावर जाणवते.

काही बिघडलं तर

शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांखाली गेलं की गारठा आजार बनतो. त्याची सुरुवात बोलण्या-चालण्यात दिसते : माणूस अडखळतो, पुटपुटतो, झिप लावता येत नाही, उगाच चिडतो किंवा गप्प होतो. स्वतःला हे कळत नाही, म्हणून एकमेकांवर नजर ठेवा. वाऱ्याच्या आड न्या, ओले कपडे बदला, खाली फोम किंवा पिशव्या टाकून जमिनीपासून वेगळं करा, पूर्ण शुद्धीत असेल तर गरम गोड पेय द्या. दारू देऊ नका, हातपाय चोळू नका. थरथर आपोआप थांबली आणि माणूस सुस्त झाला तर तो बरा होत नाहीये, प्रकृती खालावतेय. त्याला आडवं ठेवा, हळुवार हाताळा आणि ताबडतोब मदत बोलवा. युरोपातल्या बहुतेक देशांत आणि भारतात ११२ हा आपत्कालीन क्रमांक चालतो. इतरत्र स्थानिक क्रमांक आधीच फोनमध्ये भरून ठेवा.

फोन लागत नसेल तर शिट्टी. आल्प्समध्ये १८९४ पासून चालत आलेला इशारा असा : मिनिटात सहा वेळा शिट्टी किंवा दिव्याची उघडझाप, मग एक मिनिट शांतता, परत सहा. उत्तर म्हणून मिनिटाला तीन. उत्तर अमेरिकेत सलग तीन शिट्ट्या हीच मदतीची हाक असते. थकून थांबू नका, खुणा देत राहा.

घरी आल्यावर

ज्याला निरोप दिला होता त्याला आधी फोन करा. बुटांतले तळवे बाहेर काढून आत वर्तमानपत्राचे बोळे भरा आणि तासाभराने बदला. हीटरसमोर बूट ठेवू नका, डिंक सुटतो. थर्मास उघडा ठेवून वाळवा. हेडटॉर्चची बॅटरी त्याच रात्री चार्जला लावा.

आणि एक वही ठेवा. तारीख, सकाळी धूर कसा होता, धुक्याचा माथा किती मीटरवर लागला, ऊन कुठल्या वळणावर किती वाजता गेलं, चिखल कुठे होता, किती थर घातले आणि त्यातला कुठला नको होता. फेब्रुवारीपर्यंत दहा-बारा नोंदी झाल्या की तुमच्या खोऱ्याचा असा हिशेब हातात येतो, जो कुठल्याही अंदाजात छापलेला नसतो.